निळ्या कार्डावरची तिसरी ओळ

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता चौथ्या मजल्यावरच्या खोलीत पाच आमदार, बारा खाती, सात खुर्च्या, एक किटली, सहा कप आणि शॉर्टब्रेड बिस्किटांचे अकरा तुकडे होते. कपांपैकी एकाचा कान तुटलेला होता. खुर्च्यांपैकी दोन कोटांसाठी होत्या. पाकिटात तुकडे बारा असतात. अकरा उरले होते, कारण हेक्टर गिलँडर्स सगळ्यांच्या आधी आला होता.

किनारपट्टी पक्षाच्या छाया-मंत्रिमंडळाची ही दर आठवड्याची बैठक. एडिनबराच्या संसदेत एकशे एकोणतीस जागा, त्यांतल्या पाच या पक्षाच्या. सरकारात मंत्री बारा, म्हणून यांच्याकडेही खाती बारा. प्रत्येक मंत्र्यासमोर एक छाया-मंत्री हवाच असा काही नियम नव्हता, रिवाज होता. आणि रिवाजाच्या बाबतीत पक्ष नियमांपेक्षा कडक होता. सैन्य, पासपोर्ट आणि परदेशांशी भांडणं लंडनकडे असल्यामुळे तेवढा भार कमी. बाकीचं पाच जणांनी वाटून घेतलं होतं. पक्षनेते ग्रेगर पर्व्हिस यांच्याकडे अर्थ आणि न्याय. प्रतोद डूगल रिंटुलकडे कामकाज, वाहतूक आणि संस्कृती. हेक्टरकडे शेती, मासेमारी आणि आरोग्य. आरोग्य अशासाठी, की दवाखान्यात सगळ्यांत जास्त तोच जाई. एकोणतीस वर्षांच्या मार्सलीकडे शिक्षण आणि पर्यटन. आणि इंगा टलॉककडे पाणी आणि घरबांधणी.

छाया-मंत्र्याला गाडी नसते, सचिव नसतो, सही करायला फाईल नसते. खऱ्या मंत्र्याने काय करायला हवं ते सांगायचं आणि त्याने ते केलं नाही की तशी नोंद करायची, एवढंच काम. इंगाला ते जमे. राजकारणात येण्याआधी बावीस वर्षं तिने उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले होते. कुणी ऐको न ऐको, आकडा लिहून ठेवायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

डूगलने निळी कार्डं वाटली.

निळं कार्ड हा पक्षाचा सगळ्यांत लाडका रिवाज. संसदेत चर्चा दिवसभर चालते, मतदान मात्र सगळं संध्याकाळी पाचला, एका दमात. सभापती स्वतः मत देत नाहीत, ते एकामागून एक प्रश्न वाचतात आणि आमदार समोरचं बटण दाबतात. बाहेरगावी असेल तो फोनवरून दाबतो. हेक्टरला डाव्या कानाने अजिबात आणि उजव्या कानाने सोयीपुरतं ऐकू येई. म्हणून अकरा वर्षांपूर्वी डूगलने त्याला पोस्टकार्डाएवढ्या निळ्या कार्डावर लिहून दिलं: पहिला प्रश्न होय, दुसरा नाही, असं. ते इतकं सोयीचं ठरलं, की वर्षभरात सगळेच कार्ड बघून बटण दाबू लागले आणि सभापतींचं ऐकायचे बंद झाले. तेव्हापासून पक्षाचं एकही मत फुटलं नव्हतं. ग्रेगर याला शिस्त म्हणत.

आजच्या कार्डावर तीन ओळी होत्या. पहिली: आपली दुरुस्ती, होय. दुसरी: ‘नवी पहाट’ पक्षाची दुरुस्ती, होय. तिसरी: सरकारचा ठराव, नाही.

“ठराव जुन्या इमारतींच्या नळांचा आहे,” डूगल म्हणाला. “सरकार स्वतःची पाठ थोपटून घेणार. त्याच्या शेवटच्या ओळीच्या जागी आपण आपलं वाक्य घालायला सांगतोय. इंगाचं नेहमीचं, शिशाच्या नळ्या सरकारने बदलून द्याव्यात हे.”

“स्कारविक,” हेक्टर म्हणाला.

“स्कारविक. ‘नवी पहाट’वाल्यांची पावसाच्या पिंपांबद्दल काहीतरी आहे. गेल्या महिन्यात त्यांनी आपल्या वाट्याला त्यांची चार मिनिटं दिली होती, त्याची ही परतफेड. दोन्ही दुरुस्त्या पडणार. मग ठरावाला आपला विरोध. कुणाला काही विचारायचंय?”

इंगाने हात वर केला.

“आपली मंजूर झाली तर?”

हेक्टरने हातातला शॉर्टब्रेड खाली ठेवला. “पोरी, सहा वेळा पडली आहे ती.”

“आज सात होतील. पण झालीच तर? दोन्ही दुरुस्त्या ठरावाची तीच शेवटची ओळ काढायला सांगतात. आपली आधी घेणार आहेत. आपली मंजूर झाली की ती ओळ गेली. मग पिंपवाल्या दुरुस्तीला जागाच राहत नाही, ती आपोआप बाद. तिच्यावर मतदानच होत नाही. म्हणजे कार्डावरच्या ओळी सरकतात. कार्यक्रमपत्रिकेत खाली बारीक अक्षरात—”

“इंगा,” ग्रेगर म्हणाले, “मला अजून दोन खात्यांची भाषणं वाचायची आहेत आणि अडीचला ॲबरडीनची गाडी आहे. मच्छीमार संघाचं जेवण. डूगल, पक्ष काढल्यापासून आपल्या किती दुरुस्त्या मंजूर झाल्या?”

“एकही नाही.”

“आणि मांडल्या किती?”

“दोनशे चौदा.”

“तू प्रयोगशाळेतली ना गं? दोनशे चौदा प्रयोग झाले. काढ निष्कर्ष.”

“मंजूर झालीच,” हेक्टर म्हणाला, “तर माझ्या एडक्याला टाय बांधीन मी.”

मार्सली फिस्सकन हसली. इंगाने कार्यक्रमपत्रिकेची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

स्कारविक हे इंगाचं गाव. उत्तर किनाऱ्यावर सेहेचाळीस घरं, हेरिंग मासे खारवणाऱ्या एका कंपनीने १९११ साली कामगारांसाठी बांधलेली. रस्त्याखालची मोठी वाहिनी नवी होती. तिथून घरातल्या नळापर्यंतची नळी मात्र कंपनीच्या काळातली, शिशाची. घरं पुढे लोकांनी विकत घेतली, पण खरेदीखतात नळ्या घालायच्या राहून गेल्या, आणि १९५८ साली कंपनी बुडाली. पाणीवाले म्हणत, नळी आमची नाही. घरवाले म्हणत, आमचीही नाही. नळ्या कुणाच्याच नव्हत्या, आणि पाणी रोज त्यांच्यातूनच येत होतं.

सहा वर्षांपूर्वी इंगाने बहिणीच्या, जेसीच्या, स्वयंपाकघरात सकाळचा पहिला नमुना घेतला. रात्रभर नळीत तुंबलेल्या त्या पाण्यात लिटरमागे एकतीस मायक्रोग्रॅम शिसं निघालं. चालतं ते जास्तीत जास्त दहा. चार मिनिटं नळ सोडून घेतलेल्या नमुन्यात सहा. तेव्हापासून गावात पद्धतच पडली: सकाळी रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं की नळ सोडायचा आणि ते संपलं की किटली भरायची. ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता तेही आता रोज वाऱ्याचा वेग सांगू शकत.

जेसीची मुलगी रोना हिला मे महिन्यात बाळ होणार होतं. “बाटलीचं दूध कालवायला पाणी केव्हाही लागतं गं,” जेसी फोनवर म्हणाली होती. “आणि रात्री तीनला रेडिओवर हवामान नसतं.” ती हसत म्हणाली होती. इंगाने आकडा मनात पुन्हा एकदा लिहिला होता.

दुपारी इंगाने सभागृहात चार मिनिटांचं भाषण केलं. मागच्या सहा वेळचंच भाषण, तारखा तेवढ्या बदललेल्या. तीन चाळीसला ती बाहेर आली, तर लॉबीतल्या पायऱ्यांशी पाणीमंत्री रॅनल्ड गेडिस तिची वाट बघत उभे होते. गेली सहा वर्षं ती त्यांची छाया होती, आणि एवढ्या काळात दोघांमध्ये एक प्रकारचं शेजारपण तयार झालं होतं.

“इंगा, एक मिनिट. तुझी दुरुस्ती आम्ही घेतोय.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? स्वीकारतोय. जशीच्या तशी.”

इंगाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. गंमत करत असावेत असं वाटेना. “का?”

“सहा वेळा नाही म्हणायला सहा वेगळी कारणं दिली. सातवं शोधायला शुक्रवारी एक माणूस बसवला होता. त्याला सापडलं नाही.”

“चांगलं शोधलं होतं ना?”

“सोमवारपर्यंत शोधत होता बिचारा. आता ऐक. दुरुस्ती मंजूर होऊन भागत नाही, शेवटी अख्खा ठराव मंजूर व्हायला हवा. नळ्या बदलायच्या गावांची यादी माझ्या टेबलावर आहे, त्यात स्कारविक घातलंय. ठराव झाला तर उद्या सकाळी सही करतो. पडला तर अर्थखातं यादी परत मागवेल. म्हणेल, सभागृहालाच नकोय. आमचे बासष्ट आहेत.”

“आणि मोठ्या विरोधी पक्षाचे अठ्ठेचाळीस, ‘नवी पहाट’चे तेरा. एकसष्ट.”

“दोघांचाही विरोध पक्का आहे. तुमचे पाच आले तर सदुसष्ट विरुद्ध एकसष्ट.”

“आणि विरोधात गेले तर बासष्ट विरुद्ध सहासष्ट.”

“मला वाटलंच होतं तू मोजलेलं असशील,” गेडिस म्हणाले आणि चहाला गेले.

इंगाने खिडकीशी जाऊन ग्रेगरना फोन लावला. गाडी डंडीच्या अलीकडे होती.

“स्वीकारली? सगळी?”

“स्वल्पविरामासकट.”



“ही चाल आहे त्यांची,” ग्रेगर म्हणाले.

“असेल. चालीत नळ्या बदलून मिळतायत.”

“मी मच्छीमारांसमोर आज काय सांगू? सरकारला मत देऊन जेवायला आलो? सकाळीच पेपरवाल्यांना सांगितलंय मी, ठरावाला आमचा कडवा विरोध म्हणून. छापून यायचंय उद्या.”

“मग आपलीच दुरुस्ती बुडते, ग्रेगर. आधी आपण ती ठरावात घालणार आणि मग तिच्यासकट ठराव पाडणार.”

“पडू दे. मग म्हणता येईल, सरकारला स्वतःचा ठराव राखता आला नाही आणि स्कारविकच्या तोंडचं पाणी पळालं. चौदा महिन्यांवर निवडणूक आहे. उत्तम मुद्दा आहे तो.”

“रोनाला मे महिन्यात बाळ होणार आहे.”

“रोना कोण?”

“माझी भाची. स्कारविकला असते.”

“अरे वा! अभिनंदन सांग तिला माझं.” ते मनापासून म्हणाले, माणूस वाईट नव्हता. “हे बघ, शंभराच्या वर वर्षं आहेत त्या नळ्या तिथे. आणखी चौदा महिन्यांनी असं काय आभाळ कोसळणार आहे?”

याचं उत्तर इंगाकडे मायक्रोग्रॅममध्ये होतं. तिने ते दिलं नाही. सहा वर्षांत तिने ते त्यांना बऱ्याचदा दिलं होतं.

“म्हणजे कार्ड बदलायचं का?” तिने विचारलं.

“कशाला? तिसऱ्या ओळीला ‘नाही’च आहे ना?”

“आहे.”

“मग झालं की.”

“ग्रेगर, सकाळी मी सांगत होते ते, पत्रिकेतल्या बारीक अक्षरातलं. दुसरा प्रश्न जर—”

“इंगा! कार्डावरचं एक अक्षर बदलायचं नाही. अकरा वर्षांची शिस्त आहे, एका दिवसात मोडायची नाही. ऐकलंस?”

“एक अक्षर बदलायचं नाही.”

“शाब्बास. बोगदा आला, ठेव आता.”

पावणेपाचला ती सभागृहात गेली. डूगल बाकावर बसून शब्दकोडं सोडवत होता. निळं कार्ड त्याने समोर टेकवून उभं केलं होतं.

“सरकार आपली दुरुस्ती घेतंय,” इंगा म्हणाली.

डूगलने पेन्सिल खाली ठेवली. “काय सांगतेस! ग्रेगरना माहीत आहे?”

“आत्ताच बोलले त्यांच्याशी. कार्ड आहे तसंच ठेवायचं म्हणाले. तिसऱ्या ओळीला ‘नाही’ आहे तेवढं पुरे.”

“बरोबर आहे त्यांचं. पहिल्याला होय, तिसऱ्याला नाही. हिशेब तोच.”

“डूगल, ती पत्रिकेतली टीप एकदा वाचतोस का? फक्त दोन ओळी—”

“अगं बाई, पाच कार्डं हाताने लिहिली आहेत मी. पाच! शाई तीन वेळा सांडली. आता काहीही वाचायला लावू नकोस मला.” आणि तो पुन्हा कोड्याकडे वळला. “सहा अक्षरी, वाऱ्याच्या दिशेने फिरणारं. काय असेल?”

इंगा आपल्या जागेवर बसली. प्रयोगशाळेत नमुना तीनदा तपासायची पद्धत होती. तीनदा तेच उत्तर आलं की ते खरं धरायचं आणि पुढच्या बाटलीकडे वळायचं.

पाच वाजता सभापतींनी घंटा वाजवली. बाकं भरली होती. हेक्टर उशिरा येऊन धापा टाकत बसला आणि त्याने चष्मा पुसून कार्ड डोळ्यांजवळ धरलं. मार्सली इंगाच्या उजवीकडे होती.

“पहिला प्रश्न,” सभापती म्हणाले. “श्रीमती टलॉक यांची दुरुस्ती मंजूर करावी का? मतदान सुरू.”

डूगलने कार्ड पाहिलं, बटण दाबलं, पहिल्या ओळीसमोर पेन्सिलीने खूण केली. हेक्टरने तसंच केलं. निकाल भिंतीवरच्या पडद्यावर आला: होय सदुसष्ट, नाही एकसष्ट. सरकारी बाकांवरून टाळ्या झाल्या. आपल्या बाजूने कधी टाळ्या झाल्याची सवय नसल्यामुळे हेक्टरने मागे वळून पाहिलं.

“काय झालं?”

“मंजूर झाली,” इंगा त्याच्या उजव्या कानाशी म्हणाली.

“कुणाची?”

“आपली.”

“आपली?” हेक्टर म्हणाला. मग काही वेळाने, “टाय कुठला बांधू? माझ्याकडे एकच आहे, तो अंत्ययात्रेचा.”

“शांतता राखा,” सभापती म्हणाले. “पहिली दुरुस्ती मंजूर झाल्यामुळे दुसरी दुरुस्ती बाद झाली आहे. यापुढचा प्रश्न: दुरुस्तीसह ठराव मंजूर करावा का? मतदान सुरू.”

मतदानाला एक मिनिट असतं. डूगलने कार्ड पाहिलं, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, ‘होय’ दाबलं आणि खूण केली. शब्दकोड्याचा कागद त्याच्या गुडघ्यावर होता. हेक्टर टायच्या विचारात होता. त्यानेही दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून ‘होय’ दाबलं. इंगाने ‘होय’ दाबलं. पंधरा सेकंद झाले होते.

मार्सलीचं बोट बटणाच्या वर थांबलं होतं. पाच जणांत ऐकायची सवय अजून न सुटलेली ती एकटीच होती. निवडून येऊन तिला दीडच वर्ष झालं होतं.

“इंगा,” ती कुजबुजली, “ही कितवी ओळ?”

इंगाने डूगलकडे पाहिलं. तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याच्या खांद्यावर नुसती टिचकी मारली असती तरी तो वळला असता.

“प्रश्न दुसरा आहे,” इंगा हळूच म्हणाली. “पण विचारतायत ते तिसऱ्या ओळीचं. हा ठराव आहे.”

“म्हणजे सकाळी तू म्हणत होतीस ते!”

“ते.”

“डूगलला सांगितलंस?”

“पावणेपाचला. त्याआधी ग्रेगरना, फोनवर. त्याआधी तुम्हा सगळ्यांना, सकाळी.”

“मग ग्रेगर काय म्हणाले?”

“कार्डावरचं एक अक्षर बदलायचं नाही.”

पडद्यावर बारा सेकंद उरले होते. मार्सलीने कार्डाकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीपुढे डूगलच्या वळणदार अक्षरात ‘होय’ लिहिलं होतं. तिने डूगलच्या पाठीकडे पाहिलं. मग ‘होय’ दाबलं आणि ती स्वतःची नखं बघू लागली.

मतदान संपलं. पण इथे मतदान संपलं की लगेच निकाल लागत नाही. ज्यांचे फोन अडकले ते उठून तसं सांगतात, आपण काय दाबणार होतो तेही सांगतात, आणि सभापती ते धरतात. दर वेळी दोन-तीन जण असतातच. मोठ्या विरोधी पक्षातला एक गृहस्थ उठून म्हणाला, की त्याच्या फोनवर अर्धा तास नुसतं एक चक्र फिरतंय आणि त्याचं मत ‘नाही’ होतं. सभापतींनी ते लिहून घेतलं.

“आणखी कुणी?”

वरच्या ध्वनिक्षेपकातून खरखर ऐकू आली, आणि मागोमाग आगगाडीचा आवाज.

“सभापती महोदय, ग्रेगर पर्व्हिस बोलतोय. माझ्या फोनला इथे रेंज येते-जाते. चित्र दिसत नाहीये, ऐकूही तुटक येतंय. दुसऱ्या प्रश्नावरचं माझं मत पोचलं का?”

सभापतींनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. “पोचलेलं नाही, श्री. पर्व्हिस. आपण काय मत देणार होतात?”

कागद उलटल्यासारखा आवाज आला. डूगलने मान वर केली. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर ‘दुरुस्तीसह ठराव’ असं लिहिलेलं होतं. त्याचं तोंड उघडलं.

“होय,” ग्रेगर स्पष्ट म्हणाले. “ठामपणे होय.”

“नोंद झाली. धन्यवाद.”

निकाल लागला. होय सदुसष्ट, नाही एकसष्ट. ठराव मंजूर. सभापती आजचं मतदान संपल्याचं सांगून उठले. हेक्टर पेन्सिल हातात घेऊन तिसऱ्या ओळीपाशी थांबला होता.

“तिसरा प्रश्न कुठे गेला?” त्याने विचारलं.

डूगल कार्ड खिशात घालून लॉबीकडे निघाला होता.

सव्वापाचला डूगलने लॉबीतून ग्रेगरना फोन केला. इंगा दोन पावलांवर उभी होती. डूगलने बारीक अक्षरातली टीप त्यांना वाचून दाखवली, दोनदा. त्यानंतर बराच वेळ तो नुसताच ऐकत होता.

“हो,” तो म्हणाला. “सगळे पाच… हो, तुमचंही… नाही, मागे घेता येत नाही, तुम्ही ठामपणे म्हणालात… सहा मतांनी… आपण ‘नाही’ म्हटलं असतं तर? तर पडला असता.”

पलीकडून काहीतरी लांबलचक ऐकू आलं. डूगलने खिशातून पेन्सिल काढली आणि शब्दकोड्याच्या कडेला लिहून घेतलं. फोन ठेवून त्याने ते इंगाला वाचून दाखवलं.

“‘किनारपट्टी पक्षाने सरकारला झुकवलं. पक्षनेते पर्व्हिस यांचं निर्णायक मत.’ पेपरांना पाठवायचंय, सहाच्या आत.” त्याने कागदाची घडी घातली. “आणि तुझ्याशी मंगळवारी बोलणार आहेत.”

पुढच्या मंगळवारी सव्वानऊ वाजता खोलीत पाच आमदार, बारा खाती आणि शॉर्टब्रेडचे दहा तुकडे होते. ग्रेगर उभे राहून बोलले. शिस्त, विश्वास आणि बारीक अक्षरं या विषयांवर ते सात मिनिटं बोलले.

“मी तीन वेळा सांगितलं होतं,” इंगा म्हणाली.

“सांगितलंस,” ग्रेगर म्हणाले. “पण ऐकवलं नाहीस. दोन्हींत फरक आहे.”

तिला पक्षातून काढता येत नव्हतं. पाच आमदार असतील तरच पक्षाला कामकाज समितीत जागा मिळते. चार झाले की ती जाते, आणि तिच्याबरोबर चौथ्या मजल्यावरची खोलीही. हे सगळ्यांना पाठ होतं. तेव्हा खातेपालट झाला. इंगाचं पाणी काढून घेतलं आणि तिला डूगलकडचं संस्कृती खातं दिलं. पाणी ग्रेगरनी स्वतःकडे घेतलं. ॲबरडीनच्या जेवणात त्यांना उभं राहून टाळ्या मिळाल्या होत्या.

“सहा वर्षं केलंस तू ते काम,” बाहेर पडताना मार्सली म्हणाली. “तुला वाईट नाही वाटत?”

“संस्कृतीचे आकडे माझ्याकडे काहीच नाहीत,” इंगा म्हणाली. “नव्याने मोजावे लागतील.”

त्याच आठवड्यात हेक्टरच्या तालुक्याच्या वर्तमानपत्रात पान पाचवर एका एडक्याचा फोटो आला. त्याच्या गळ्यात काळा टाय होता. खाली कारण दिलेलं नव्हतं.

गेडिसनी सही केली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्कारविकला खणायला सुरुवात झाली. ज्या घरात लहान मूल आहे किंवा होणार आहे ती घरं आधी, या क्रमाने जेसीच्या घराचा नंबर तिसरा लागला. नऊ मे रोजी जुनी नळी बाहेर काढून अंगणात ठेवली. अकरा मीटर लांब होती. सतरा मे रोजी रोनाला मुलगी झाली. वजन तीन किलो चारशे ग्रॅम.

महिनाअखेरीला इंगा गावी गेली. छाया-संस्कृतिमंत्री म्हणून तिला पलीकडच्या गावातल्या फिडल-वादनाच्या स्पर्धेत बक्षिसं द्यायची होती, ती शनिवारी दुपारी. शनिवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली आणि नळाला कुणी हात लावायच्या आत तिने एक बाटली भरून घेतली. बाटलीवर वेळ लिहिली.

जेसी रात्रीच्या गाऊनवर स्वेटर चढवून खाली आली. तिने रेडिओ लावला. समुद्राचं हवामान सुरू झालं तशी तिने नळ सोडला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

“अगं, आता कशाला सोडतेस?” इंगा म्हणाली. “नळी नवी आहे.”

“माहितेय मला. अंगण माझंच खणलंय.” जेसीने आवाज थोडा मोठा केला. “नळ चालू असल्याशिवाय वारा कुठला ते डोक्यातच शिरत नाही गं माझ्या. तू नको मला शिकवू. तू आता संस्कृतीवाली.”

वरच्या खोलीत बाळ रडलं आणि थांबलं. हवामान चार मिनिटं चाललं. ते संपलं तेव्हा इंगाने दुसरी बाटली भरली, तिच्यावरही वेळ लिहिली, आणि दोन्ही बाटल्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवायला खोक्यात ठेवल्या. जेसीने किटली भरली.

निकाल नऊ दिवसांनी आला. पहिला नमुना, रात्रभर नळीत राहिलेलं पाणी, नळ न सोडता: लिटरमागे शिसं ०.६ मायक्रोग्रॅम. दुसरा नमुना, चार मिनिटं नळ सोडून: ०.६.